जिवंत नमुना

धाकटीने दोन्ही बरण्या ताईच्या टेबलावर आपटल्या नाहीत एवढंच. ठेवल्या मात्र अशा की पेनं उडाली.

“बघ,” ती म्हणाली. “पाणी एकाच तळ्याचं, एकाच बादलीतलं. दोन्हींत शिसं सारखंच घातलंय. विष बाधतं का बघायला कालच दोन्हींत पाण्यातल्या पिसवा सोडल्या.”

ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण, आणि या प्रयोगशाळेची प्रमुखही. तिने डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला. पहिल्या बरणीतलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं आणि त्यात त्या बारीक पिसवा मजेत वरखाली करत होत्या. दुसरीतलं पाणी फिकं झालं होतं. तिच्यातल्या पिसवा तळाशी पडल्या होत्या, एकही हलत नव्हती.

खाली बॅटरीच्या कारखान्याची गाडी येऊन थांबली होती. अकराला कारखान्याच्या परवानगीची सुनावणी. ताईच्या सहीचा अहवाल तिथे पोचला की कारखान्याचं सांडपाणी तळ्यात सुटणार होतं, आणि त्या तळ्याचं पाणी अख्खं गाव पीत होतं. त्यांची आईसुद्धा. अहवाल म्हणत होता, घाबरायचं कारण नाही. काठावरच्या झाडांची पानं कुजून जो अर्क पाण्यात उतरतो, तो शिशाला धरून ठेवतो, आणि धरलेलं शिसं कुणाला बाधत नाही.

“पहिल्या बरणीत तेच तर दिसतंय,” ताई म्हणाली.

“पहिलीतलं पाणी कुकरमधून काढलेलं आहे.”

कोपऱ्यातल्या वाफेच्या उंच भांड्याला सगळे कुकरच म्हणत. तळ्यावरून नमुना आला की आधी कुकर, मग बाकीचं. वाफेने जंतू मरतात, नमुना आहे तसा राहतो. ही तिथली काळ्या दगडावरची रेघ होती आणि ती ताईनेच ओढली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि धाकटीला चीड आली होती ती त्याचीच. लबाडी असती तर चार शिव्या हासडून मोकळं तरी होता आलं असतं.

“दुसरं पाणी मी कुकरला लावलंच नाही,” ती म्हणाली. “पंधरा दिवस खिडकीत ठेवलं, जंतूंसकट. त्यांनी तुझा तो पानांचा अर्क खाल्ला. शिशाला धरणारं कुणी उरलं नाही. ते सुटलं मोकाट.”

“म्हणजे नमुना नासला.”

“तळंही असंच नासणार! तळ्याला कुकरमध्ये बसवणार आहेस का?”

“आवाज खाली. बाहेर माणसं आहेत.”

“असू देत! आधी पाण्याला मारायचं आणि मग त्याची तब्येत विचारायची. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, ताई. ते कशाला तक्रार करेल?”

ताईने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“पद्धत आहे ती,” ती म्हणाली. “मी एकटीने नाही काढलेली, जगभर चालते. एका बरणीसाठी सुनावणी थांबत नसते. पुढच्या वर्षी जिवंत पाण्यावर रीतसर काम करू. तूच कर.”

“वरातीमागून घोडं! तोवर शिसं लोकांच्या हाडांत जाऊन बसलेलं असेल.”

खाली हॉर्न वाजला. ताईने अहवाल ओढला, शेवटचं पान काढलं आणि सही केली. तिची सही नेहमी ऐसपैस असायची. आज ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. धाकटीने ती पाहिली आणि तिला वाटलं, कागद फाडून टाकावा. पण कागद काय, दुसरा निघाला असता.

ताईने पर्स खांद्याला लावली आणि दारापर्यंत गेली. तिथे थांबली. मागे वळली नाही.

“आईला फोन कर,” ती म्हणाली. “म्हणावं, पाणी उकळून पी.”

धाकटीला क्षणभर ऐकू आलेलं खरंच वाटेना.

“उकळून जंतू मरतात,” ती म्हणाली. “शिसं नाही जात.”

ताईचा हात कडीवर होता.

“ठाऊक आहे मला.”

दार लागलं. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पद्धतीवर विश्वास होता म्हणून सही केली असती तर एक वेळ भांडण मिटलं असतं. हिला ठाऊक होतं. सगळं ठाऊक असताना हिने पेन उचललं होतं, आणि वर आईची काळजीही करत होती! तिने टेबलावरची दुसरी बरणी छातीशी धरली आणि जिन्याने पळत सुटली. पाणी हिंदकळून तिचा कुडता भिजला.

गाडी निघायच्या बेतात होती. तिने दार उघडलं आणि ताईच्या शेजारी बसली, बरणी मांडीवर घेऊन. ड्रायव्हरने आरशातून दोघींकडे पाहिलं. मग त्याने गाडी सुरू केली.

पहिल्याच वळणावर पाणी बरणीच्या काठाशी आलं. ताईने पाय आखडून घेतले.

“झाकण लाव तिला.”

“नाही लावणार,” धाकटी म्हणाली. “सुनावणी या पाण्याचीच आहे.”