घरातलं एकमत

“झालं? आता एकेकाने सांगा,” गुडघ्यांवरून उठत थोरला म्हणाला. “मला तर प्रभूने स्पष्टच सांगितलं. आईला वृद्धाश्रमात ठेवा.”

त्याच्या बायकोलाही तेच ऐकू आलं होतं. प्रभूचं आणि तिच्या नवऱ्याचं आजवर कधी दुमत झालेलं तिने पाहिलं नव्हतं. धाकट्याने डोळे उघडले, आधी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “मलाही तसंच वाटतंय. म्हणजे, ऐकू आलं.”

या घरची रीतच होती ती. मोठा निर्णय असला की सगळ्यांनी गुडघे टेकायचे, देवाला विचारायचं आणि जे ऐकू येईल ते सांगायचं. एकाने जरी ‘देव नको म्हणतो’ म्हटलं, तरी विषय तिथेच संपला. वडील गेले, रीत राहिली. ज्याच्याबद्दल विचारायचं त्याने मध्ये बोलायचं नाही, हीसुद्धा रीतच. म्हणून आई सोफ्याच्या कोपऱ्यात काठी धरून गप्प बसली होती. न्हाणीघरात पडल्यापासून तिचा एक पाय धड उचलत नव्हता.

उरली मधली बहीण. ती एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या करायची, आणि घरी आली की आईची अंघोळ, औषधं, रात्रीची उठबस, सगळं तिच्याच गळ्यात. तरी नोकरी सोडून आईपाशी राहायची तिची तयारी होती. आई जाऊ नये, असं त्या खोलीत फक्त तिलाच वाटत होतं. पण आपल्याला वाटणं वेगळं आणि देवाने सांगणं वेगळं. देवाच्या नावावर तिने आयुष्यात थाप मारली नव्हती.

एकदा याच खोलीत तिच्या लग्नाचं विचारलं होतं. लॅबमध्ये तिच्या शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणारा तो, हसरा, सरळ. फक्त आपल्या चर्चचा नव्हता. वडीलसुद्धा ‘हो’ म्हणाले होते. आईने मात्र डोळे पुसत सांगितलं, “देव नको म्हणतो.” देवापुढे कुणाचं चालतं? मधलीने निमूट मान खाली घातली. त्याने पुढे दुसरीशी संसार थाटला. ही वर्षानुवर्षं स्वतःलाच बोल लावत राहिली. आईला ऐकू येतं, मग मलाच का नाही? माझ्यातच काही पाप असणार.

आजही तिला काही ऐकू आलं नव्हतं. पंख्याची घरघर आणि धाकट्याचं खाकरणं, बस्स.

“अगं बोल की! तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?” थोरला म्हणाला.

“मला काहीच ऐकू आलं नाही,” ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

“मग ठरलं तर. कुणाचं ‘नको’ नाही.”

“थांब रे जरा!” आई पहिल्यांदाच बोलली. तिने मधलीचा हात धरून तिला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी लागली. “अगं वेडाबाई, नाही आलं ऐकू तर नाही आलं. तू आपलं ‘नको’ म्हणून टाक. तुझ्या लग्नाच्या वेळी मला तरी कुठे काय ऐकू आलं होतं?”

मधलीचे डोळे एकदम कोरडे झाले. तिने आईची बोटं एकेक करून आपल्या मनगटावरून सोडवली.

“काय म्हणतेय आई?” थोरल्याने विचारलं.

“काही नाही,” मधली म्हणाली. “मला आत्ता ऐकू आलं. देव म्हणतो, पाठवा.”