जप्तीचा माल

"साडेनऊ," अनुप म्हणाला. "दहापैकी."

सरोजिनीबाईंना हसू आलं. उभ्या नोकरीत त्यांनी कोणाला दहापैकी साडेनऊ दिले नव्हते. आणि अकोल्याहून आलेला हा गृहस्थ ते कोणाला देत होता? मुखपृष्ठावर पंख लावून मगरीला बुक्की मारणाऱ्या माणसाला!

अनुप जुनी कॉमिक्स विकत घ्यायचा. आल्याआल्या त्याने साबण मागून घेतला, हात धुतले, पंख्याखाली वाळवले आणि पूजेला बसावं तसा टेबलाशी बसला. एकेक अंक दोन्ही तळव्यांवर तोलून खिडकीच्या उजेडात नेत होता. पिना गंजल्यात का, पाठ मुडपलीय का, कडा कापून नव्या केल्यात का. मग पानं मोजायची. मग वास घ्यायचा. वाचता येत नाही म्हणून हुंगतो की काय, असं बाईंच्या मनात आलं.

"काकू, असा माल अख्ख्या वऱ्हाडात नाही पाहिला मी. चाळीस वर्षांचे अंक आणि पान पिवळं नाही. कोणी उघडलेलेच दिसत नाहीत."

"उघडू दिले तर ना. आणि मी कोणाची काकू नाही."

बाई अमरावतीच्या शाळेत सातवीला गणित शिकवायच्या. हा कचरा बाकाखालून, सदऱ्याच्या आतून, गणिताच्या पुस्तकाच्या मधून निघायचा. बाई तो ओढून घ्यायच्या, पोराच्या तळहातांवर छड्या ओढायच्या आणि कचरा वर्गातल्या लोखंडी कपाटात टाकायच्या. "बापाला घेऊन ये आणि ने," म्हणायच्या. कोणाचा बाप आला नाही. पोरं वसतिगृहात, माणसं दर्यापूरकडची; कापसाच्या वेचणीतून उठून शाळेत कोण येतो? ज्यांना पोराच्या गुणांची फिकीर नव्हती, त्यांना चित्रांची कुठून असणार, असं बाई आजही म्हणत. निवृत्तीच्या वेळी शिपाई रद्दीत घालून पैसे खाईल, म्हणून त्यांनी सगळा गठ्ठा घरी आणला. परवा भाचीने मोबाइलवर असल्या एका अंकाची किंमत दाखवली. महिन्याच्या पेन्शनएवढी. जगात मूर्खांना तोटा नाही, असं म्हणून बाईंनी त्यातल्याच एका मूर्खाला फोन लावला होता.

अनुपने एका अंकाचं पहिलं पान अलगद उघडलं. कोपऱ्यात निळ्या शाईत, जपून काढलेली अक्षरं होती. शेखर, सातवी ब.

"नावाचे गुण कापणार असशील," बाई म्हणाल्या. "खोडून टाक."

"खोडलं की किंमत आणखी उतरते. खाडाखोड घेणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही." त्याने दुसरा अंक उघडला, मग तिसरा. बहुतेकांवर नावं होती. "हे सगळे कोण?"

बाईंना एकूण एक आठवत होता. "हा ढ. हा त्याहून ढ. हा परतवाड्याच्या लाइनवर जीप हाकतो. आणि हा शेखर बडनेरा रोडला मोटारी भरतो, विहिरीवरच्या, जळालेल्या. काळे हात घेऊन बसलेला असतो दिवसभर. मी तेव्हाच सांगितलं होतं."

अनुपने अंक मिटले. गठ्ठा नीट लावला आणि बाईंकडे सरकवला.

"मी नाही घेत."

"का? आत्ताच तर साडेनऊ म्हणालास."

"मालाला म्हटलं. पण माल कोणाचा आहे, ते मी आधी पाहतो. दुसऱ्याची वस्तू घेतली की कधी ना कधी मालक दारात उभा राहते."

"दुसऱ्याची? माझ्या कपाटातली आहे ती!"

"कपाट तुमचं आहे, मॅडम."

बाईंची कानशिलं तापली. चार चोपड्यांचा वास घेत गावोगाव हिंडणारा माणूस त्यांना चोर म्हणत होता. त्यांच्याच घरात बसून, त्यांचाच साबण वापरून! "त्या पोरांना आता आठवतही नसेल," त्या म्हणाल्या.

"मग विचारू न. त्या शेखरनं 'ठेवा' म्हटलं, तर सगळा गठ्ठा घेतो. माझी गाडी आहे."

बाईंनी शेखरचा अंक पिशवीत घातला आणि चपला चढवल्या. अनुपच्या गाडीत त्या ताठ बसल्या. काळजीचं कारणच नव्हतं. आजही बाजारात त्या दिसल्या, की टक्कल पडलेले विद्यार्थी स्कूटर थांबवून उतरत. शेखर काय म्हणणार, ते त्यांना ठाऊक होतं. ते या अकोलेकराने आपल्या कानांनी ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं.

शेखर दुकानाच्या दारातच उकिडवा बसून मोटारीत तांब्याची तार भरत होता. बाई दिसताच ताडकन उठला.

"बाई! तुमी कावून आल्या उन्हातान्हात? निरोप धाडला असता तं मीच आलो असतो न!" त्याने हात पँटला पुसले, वाकून पायांना लावले, खुर्ची फडक्याने झटकली. "बसा. ह्या बाईनं मले गणित शिकवलं बरं का, भाऊ," त्याने अनुपला अभिमानाने सांगितलं. "आजही तारेचे वेढे तोंडी मोजतो मी. बाईची मेहरबानी."

बाई बसल्या नाहीत. त्यांनी अनुपकडे पाहिलं. ऐकलंस? मग पिशवीतून अंक काढला आणि शेखरसमोर धरला.

"शेखर, हे तुझं?"

शेखरने अंकाकडे पाहिलं. त्याचं हसू मावळलं. मान खाली गेली. आणि पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाने दोन्ही तळहात घट्ट मिटून पाठीमागे लपवले.