न परवडणारे खातेदार

"आपले खाते साठ दिवसांत बंद होईल," हे बँकेच्या पत्रातले वाक्य मार्थाबाई भिंगारदिवे यांनी बँकेच्याच मदत केंद्राला फोन करून संतापाने वाचून दाखविले. मिरजेत शिकून त्यांनी लंडनच्या इस्पितळात अडतीस वर्षे रुग्णसेवा केली होती. आता त्या पोर्तुगालात लिस्बनला लेकीकडे राहत असत आणि निवृत्तिवेतन त्याच इंग्रजी बँकेत जमा होत असे.

पलीकडच्या तरुणाने इंग्रजीत पाठ म्हणावा तसे सांगितले, की ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याने नियम बदलले असून बँकेचा नाइलाज आहे. त्याचे उच्चार ओळखून बाईंनी मराठीत विचारले, "कुठला रे तू?"

"पुण्याचा, मावशी."

"मग मावशीशी खरं बोल. खाती बंदच करा, असं नियमात लिहिलंय?"

"नाही. तुम्ही राहता त्या देशाचा परवाना बँकेला नव्यानं काढावा लागतो. बड्या खातेदारांसाठी बँकेनं तो काढलाय. तुमच्यासारखे परवडत नाहीत म्हणे."

"म्हणजे आपलं पाप नियमाच्या पदरात टाकता होय? हेच इंग्रजीत सांग. तक्रारीत लिहिते."

"बोलणं रेकॉर्ड होतंय, मावशी. मराठी इथं कुणी तपासत नाही, पण इंग्रजीत बोललो तर नोकरी जाईल माझी."

बाईंनी पेन खाली ठेवले. परक्या लेकराच्या पोटावर पाय देणे त्यांच्या रागालाही साधेना.

"सकाळपासून एकवीस म्हाताऱ्यांना हेच खोटं सांगितलंय," तो म्हणाला. "घ्या लिहून."

मग तो तेच सारे इंग्रजीत सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला आणि शेवटी कोणी न विचारता त्याने आपले पूर्ण नाव सांगितले.