वीजबचतीचं बक्षीस

सोसायटीच्या वीजबचत स्पर्धेत वृंदाताई टिपणीसांचा पहिला नंबर आला. गेल्या काही महिन्यांत त्यांचं बिल निम्म्यावर आलं होतं. सेक्रेटरींनी एलईडी बल्बांचा खोका त्यांच्या हातात दिला आणि माईक पुढे धरला. “काकू, कसं जमवलंत? सगळ्यांना सांगा.”

वृंदाताईंना ना आनंद झाला, ना राग आला. “ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालायचं,” बिल वाचून दाखवावं तशा त्या म्हणाल्या. “हे गेले, तेव्हापासून ते बंद आहे.”

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच खाली आले. सेक्रेटरी ओशाळले. “दुसरं काही देऊ का, काकू?”

“नको, बल्बच बरे. बैठकीतला कधीचा गेलाय. स्टुलावर चढून तो बदलायचं काम ह्यांचं...”

एवढं बोलून वृंदाताईंनी माईक हाताने दूर सारला आणि पदर डोळ्यांना लावला.