येलदरीचं धरण

"मोबाईल कुठं लपवला होतास?" विरेश सरांनी पुन्हा विचारलं.

"तुमच्याच टेबलावर होता सर," निकिता म्हणाली. "समद्यांचेच होते. तुमीच दारात ठिवून घेतले."

हे खरं होतं, आणि सगळा घोळ तिथंच होता. चाचणीच्या दिवशी सरांनी स्वतः सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले होते. पेपरभर ते बाकांमधून फेऱ्या मारत होते. तरीही निकिताचं धरणांवरचं उत्तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एआयचं होतं. ‘या पार्श्वभूमीवर हे अधोरेखित करणे अत्यंत महत्त्वाचे ठरते’ असं परभणी जिल्ह्यातलं कुठलं पोरगं आपणहून लिहितं? बाकीच्यांच्या पेपरांतही असली वाक्यं होती, पण तुटकी, अर्धवट. हिचं मात्र सलग, स्वल्पविरामासकट. आता मोबाईल नसताना एआय वर्गात शिरला तरी कुठून, हे काही केल्या सरांच्या डोक्यात बसत नव्हतं.

विभागप्रमुख राजेश्वर सर कॉपीच्या तक्रारीचा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. बाकी सगळं लिहून झालं होतं. विद्यार्थ्याच्या नावाची जागा तेवढी रिकामी होती.

"काय करायलात सर? एका पोरीपायी दुपार गेली," ते म्हणाले. त्यांचा डबा टेबलावर तसाच होता.

विरेश सरांना घाई करवत नव्हती. कॉपी ठरली की परीक्षा रद्द, परीक्षा रद्द झाली की वसतिगृहातली जागा जाणार. मग येलदरीहून रोज ये-जा करून शिकणं निकिताच्या घराला झेपणारं नव्हतं. पोरगी गुणाची होती. सर नोट्स सांगायला लागले की पहिल्या बाकावर बसून मान खाली घालून लिहून घ्यायची. सरांच्या नोट्स म्हणजे अख्ख्या विभागात नाव होतं. उत्तर नोट्सबरहुकूमच आलं पाहिजे, शब्द इकडचा तिकडे झाला तर मार्क कापीन, असा त्यांचा दंडकच होता. असल्या पोरीनं कॉपी करावी, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

पण करणार काय? समोरच्या भिंतीवर ‘एआयचा जबाबदारीने वापर’ अशी नियमावली लावलेली होती. ती विरेश सरांनीच तयार केली होती. नियम विद्यार्थ्यांसाठी होते. प्राध्यापकांचे नियम अजून विचाराधीन होते.

शेवटी सरांनी हुकमाचा पत्ता काढला. त्यांनी उत्तरपत्रिका निकितापुढे सरकवली आणि लाल पेनानं गोल केलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाच."

"येलदरी धरण हे गोदावरी नदीवर वसलेले आहे," निकितानं वाचलं.

"तू कुठली?"

"येलदरीची."

"वडील काय करतात?"

"धरणात मासे धरतात सर."

"मग? रोज ज्या पाण्यात तुझ्या बापाचं जाळं पडतं, ती नदी कोणती हे तुला ठाऊक नाही? बाळ, ही चूक तुझ्या हातून होणारच नाही. ही चूक यंत्राची आहे. आता तरी खरं सांग."

राजेश्वर सरांनी कौतुकानं मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं.

निकिता गोंधळून एकदा या सरांकडे, एकदा त्या सरांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"मला ठाऊक हाय की सर. धरण पूर्णेवर हाय. आमचं घरच पूर्णेच्या काठाला हाय. पण तुमी वर्गात गोदावरी सांगितलं. तुमी सांगितलेलं खोडून मी काय माझ्या मनाचं लिवू?"

विरेश सरांनी ओळीवरचं बोट मागे घेतलं.

विरेश सरांना ती सकाळ आठवली. देवगाव फाट्यावर एसटी चुकली होती. जीपमध्ये अंग चोरून बसल्या बसल्या त्यांनी मोबाईलवरच्या एआयला फर्मावलं होतं, मराठवाड्यातल्या धरणांवर नोट्स काढून दे. तसेच ते वर्गात शिरले आणि मोबाईल डोळ्यांपुढे धरून सांगत सुटले. लिहा, स्वल्पविराम, पुढे लिहा. तोंड वाचत होतं, लक्ष कुठंच नव्हतं. पूर्णा त्यांनाही ठाऊक होती. पोरं खाली मान घालून गोदावरी उतरवून घेत होती. पहिल्या बाकावरचं एक पेन मध्येच थांबलं होतं. निकितानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं होतं. "काय बघतेस? लिही," असं तेच तिच्यावर खेकसले होते.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग काय, लिहू का पोरीचं नाव?" राजेश्वर सर म्हणाले.

"माझं लिहा," विरेश सर म्हणाले.

"आँ?"

"विरेश लिहा सर. एआय मीच आणला वर्गात."

राजेश्वर सरांचं पेन हवेतच राहिलं. त्या कागदावर प्राध्यापकाचं नाव घालायला जागाच नव्हती. ते कधी कागदाकडे, कधी भिंतीवरच्या नियमावलीकडे बघत बसले.

"जा निकिता," विरेश सर हळू आवाजात म्हणाले. "तुझी काही चूक नाही."

निकिता दारापर्यंत गेली. तिथं थबकली. ओढणीनं डोळे पुसले आणि भीत भीत वळून विचारलं,

"मंग सर, फायनलला कोणची नदी लिवू?"