समाधानचा जबाब

जयदीप साहेबांनी कोरे कागद समाधानपुढे सरकवले आणि केबिनचं दार लावून घेतलं. बाहेर कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे ठोके दबले, पण थांबले नाहीत. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी प्रत्येक ठोक्याला थरथरत होतं.

सकाळी समाधानच्या शेजारच्या मशीनमध्ये प्रज्वलचा उजवा हात सापडला होता. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबवणारा सेन्सर गेले कित्येक दिवस बंद होता. तो सारखा मशीन अडवायचा, माल कमी निघायचा, म्हणून बंद केलेला. हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. केबिनमध्येही ठाऊक होतं. प्रज्वलला दवाखान्यात नेल्यावर साहेबांनी फिटरकडून सेन्सर गुपचूप चालू करून घेतला होता.

साहेब आवाज न चढवता बोलत होते. उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येतील, डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा जबाब लागेल. फार काही नको, सेन्सर चालू होता, पण प्रज्वलचं लक्ष नव्हतं आणि हात सेन्सर चुकवून बाजूने आत गेला, एवढं आलं म्हणजे झालं. समाधानचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, याचीही त्यांनी जाता जाता आठवण करून दिली. मग हसून म्हणाले, "तुम्ही तर लेखक माणूस. दिवाळी अंकात आली होती ना तुमची गोष्ट?"

आली होती. गावाकडच्या एका छोट्या अंकात, एकच. त्यानंतर त्याला धड एक ओळ जमली नव्हती. भोसरीच्या खोलीवर आला की तो हातपाय धुऊन लिहायला बसायचा, पहिलं वाक्य लिहायचा आणि खोडायचा. खोलीतली पोरं त्याला हसायची. खरं तेच लिहायचं, असा त्याचा पण होता. पण खऱ्याला हात घालावा तर सुरुवात कुठून करायची, तेच कळायचं नाही.

दोन कोरड्या ओळी लिहून मोकळं व्हायचं, असं ठरवून त्याने पेन उचललं. नाव लिहिलं, मशीन लिहिलं. सेन्सर चालू होता, असंही लिहिलं. पुढे लिहिलं, 'प्रज्वलचं लक्ष नव्हतं.'

आणि तो थबकला. लक्ष नव्हतं, मग होतं कुठे?

खिशातला फोन वाजला असेल.

प्रज्वलचा फोन खुंटीवरच्या बॅगेत होता. सकाळी त्यानेच समाधानसमोर तो आत टाकला होता. तरी समाधानने लिहिलं, की फोन वाजला. प्रज्वलने मान खाली घातली. डावा हात खिशाकडे गेला, उजवा सेन्सर चुकवून बाजूने आतच राहिला. एका वाक्याच्या पाठीला लागून दुसरं येत होतं. त्याच्या कानशिलांवर गरम वाफ आल्यासारखं झालं. प्रज्वल हसला, असं त्याने लिहिलं, मग ते खोडून 'घरची आठवण आल्यासारखा हसला' असं केलं. ठोके ऐकू येईनासे झाले. समोरचे कागद संपले तेव्हा त्याने मान वर न करताच आणखी एक मागितला.

साहेब वाचत गेले. अर्ध्यावर त्यांनी चष्मा सारखा केला. शेवटचं पान वाचून झालं तरी त्यांची नजर त्यावरून हटली नाही.

"खरंच असं झालं होतं का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"असंच झालं," समाधान म्हणाला. म्हणताना ते त्याला खोटं वाटलं नाही.

शिफ्ट सुटल्यावर तो गेटबाहेर आला. वॉचमनच्या बाकड्यावर प्रज्वलची बायको दिपाली बसली होती. दवाखान्यातून ती नवऱ्याचं सामान न्यायला आली होती, त्याची खुंटीवरची बॅग न उघडताच तिने मांडीवर घेतली होती. समाधानला पाहून ती उठली. हात मनगटापासून काढावा लागला, असं तिने सांगितलं. तिचे डोळे कोरडे होते. कुणी नीट काही सांगत नाही म्हणाली. "तुम्ही तर शेजारीच होतात, भाऊजी. कसं झालं?"

सेन्सरचं सांगायला त्याने तोंड उघडलं.

"फोन वाजला," तो म्हणाला.

मग पुढचंही आलं, कागदावर उतरलं होतं त्याच शब्दांत. मान खाली, डावा हात खिशाकडे, ते हसणंसुद्धा. दिपाली ऐकत होती. बॅगेचा बंद तिने मुठीत आवळत आणला होता.

"चहाच्या सुट्टीच्या आधी का?" तिने विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

"माझाच होता तो," ती म्हणाली. "पिंकीचा ताप उतरेना म्हणून लावला होता. त्यांनी उचलला नाही, तर मी रागावले. मी नसता केला तर..."

ती मटकन बाकड्यावर बसली.

फोन तिच्या मांडीवरच्या बॅगेत होता. सकाळपासून तिथेच होता. एवढंच सांगायचं होतं. समाधान तिच्यासमोर उभा होता आणि मनातल्या मनात तिचं वाक्य पुन्हा म्हणून पाहत होता. 'नसता केला तर'. गोष्टीने इथंच थांबायला हवं, याच्यापुढे एक शब्दही नको, असं त्याला वाटलं.

"येतो, वहिनी," तो पुटपुटला आणि लिहायच्या आधी ते वाक्य विसरून जाईन या भीतीने खोलीकडे भरभर चालू लागला.