पुढची सोय

"आत्ता गेममधली झाडं जरा हिरव्या गोळ्यांसारखी दिसतील, दाजी," मेहुणा म्हणाला. "दोनेक वर्षांनी मोठं ग्राफिक कार्ड टाकू. मग बसा पान न् पान बघत."

दाजी दुकानाच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसले होते. जन्मभर बस चालवलेला माणूस. पाठीला टेकू नसला की त्यांना बसल्यासारखंच वाटत नसे. त्यात सगळी सकाळ डोळ्यांच्या दवाखान्यात या खुर्चीवरून त्या खुर्चीवर गेलेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्वतःचाच चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की दोन्ही बाजूंनी पडदा सरकत येतोय, तो आता थांबायचा नाही. वर्षभर दिसेल. जे बघायचं असेल ते बघून घ्या.

डेपोने बस आधीच काढून घेतली होती. मग बघायचं काय, तर रस्ता. तो आता कॉम्प्युटरवरच्या गाडी चालवायच्या गेममध्येच मिळणार होता. म्हणून दाजी घरी न जाता थेट इथे आले होते. घरी गेलं की बायकोला सांगावं लागणार, ती रडणार, आणि मग तिची समजूत घालावी लागणार. तेवढं त्राण आज अंगात नव्हतं.

मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. धंदा कॉम्प्युटर जोडून द्यायचा. गिऱ्हाइकाला आज काय हवंय हे तो कधी विचारत नसे. पाच वर्षांनी काय लागेल ते विचारी. स्वतःच्या घरी त्याने कॉम्प्युटरचं कपाटाएवढं कॅबिनेट आणून ठेवलं होतं. पुढच्या सोयीसाठी आत इतकी मोकळी जागा, की मांजर व्यायला म्हणून शिरली ती तिथेच राहिली. आता तिची नातवंडं मदरबोर्डवर लोळतात म्हणे. गेम तेवढा अजून सुरू व्हायचाय. त्याच्या मनातलं कार्ड बाजारात आलेलं नाही.

"हा पॉवर सप्लाय धरा हातात," मेहुण्याने विटेसारखा जड डबा पुढे केला. "उद्या काहीही जोडा, मान टाकणार नाही. आणि हा मदरबोर्ड. मेमरीच्या चार खाचा. दोन भरू, दोन रिकाम्या ठेवू."

"आणि कार्ड?"

"ते सध्या आपलं साधं. पैसा बोर्डात घालायचा, दाजी. पाया भक्कम, मजले सावकाश."

"उलटं कर," दाजी म्हणाले. "कार्ड मोठं घे. बाकीचं चालेल तेवढं साधं. रिकामं काही ठेवू नकोस."

मेहुण्याने कपाळाला हात लावला. "अहो, असं कोणी करतं का? पुढे काही बदलायचं म्हटलं तर बदलता यायचं नाही. अख्खा डबा भंगारात!"

"जाऊ दे भंगारात."

"ताई उभा चिरेल मला. म्हणेल, माझ्या भोळ्या नवऱ्याला गंडवलंस."

"तुझी ताई मला भोळा म्हणत नाही. दुसरंच काहीतरी म्हणते."

मेहुणा हसला, पण दमल्यासारखा. दिवसभर गिऱ्हाइकांना भविष्य समजावून त्याचाही घसा बसला होता. त्याने दुकानातला चाचणीचा कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर एक ट्रक घाटाच्या पायथ्याशी उभा होता.

"हे साधंच कार्ड आहे. काय वाईट दिसतंय, सांगा बरं? आणि हा घ्या चहा."

दाजी पडद्याकडे बघत पुढे झुकले. त्यांचं कोपर कपाला लागलं आणि कप चहासकट खाली गेला.

"अहो दाजी! समोर तर धरला होता!"

"समोर नव्हता. बाजूला होता." दाजींचा आवाज अगदी सपाट होता. "बाजूचं आता दिसत नाही मला. वर्षभराने समोरचंही दिसायचं नाही. आत्ताच दवाखान्यातून येतोय. दोन वर्षांनी तू पान न् पान लावशील रे, पण बघणार कोण?"

मेहुणा फडकं घेऊन खाली वाकला होता. तो तसाच वाकून राहिला. फरशी कोरडी झाली तरी पुसत राहिला.

"ताईला..."

"सांगायचंय. जरा बसू दे."

मेहुणा उठला. जड डबा फळीवर परत ठेवला, चार खाचांचा बोर्ड खोक्यात घातला. काचेच्या कपाटातून मोठं कार्ड काढून दाजींच्या समोर, अगदी नाकासमोर ठेवलं. मग खुर्चीत बसला आणि बोटं मोडू लागला. पुढचं विचारायची सवय जाता जात नव्हती.

"पण दाजी, पुढे... पुढचं काही नकोच का?"

दाजींनी जरा विचार केला.

"स्पीकर चांगले लाव," ते म्हणाले. "दुकानात सगळ्यांत चांगले असतील ते. ते चालतील पुढे."

मेहुण्याने वरच्या फळीवरचे दोन मोठे स्पीकर उतरवले, धूळ झटकली, वायरी जोडल्या. मग ट्रक सुरू केला. चालवत मात्र होता अगदीच वाईट. इंजिन घाटात कण्हायला लागलं, तसे दाजींनी डोळे मिटून घेतले.

"गिअर खाली घे. रडतंय ते."

मेहुण्याने गिअर खाली घेतला. आवाज जाड झाला, स्थिरावला. खोलीत बराच वेळ दुसरं काही नव्हतं, नुसता चढ. मग हळूहळू इंजिन हलकं व्हायला लागलं.

"आलो वर," डोळे न उघडता दाजी म्हणाले. "आता उतार."

मेहुण्याने पडद्याकडे पाहिलं. रस्ता खाली वळत होता.

दाजींचा उजवा पाय सावकाश पुढे सरकला आणि त्याने फरशी दाबून धरली.